जडमास्तरांची कवळी

कवळीवाल्या ताईंचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पक्का विश्वास होता, एक देवावर आणि दुसरा गिळलेल्या थुंकीवर. देवाचं ज्याचं त्याने बघावं. थुंकीचं असं, की बोळक्या तोंडाच्या माणसाला माप घ्यायला तोंडात मेणाची कड देऊन ‘चावा’ म्हटलं की तो हमखास जबडा पुढे काढून चावतो. सांगितलंय ते नीट करून दाखवावं, समोरच्याला बरं वाटावं, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. पण त्या चाव्यावर दात बसवले की पहिल्याच घासाला कवळी ताटात. म्हणून ताई कधी ‘चावा’ म्हणतच नसत. ‘जिभेचं टोक मागे टाळूला लावा आणि थुंकी गिळा,’ म्हणत. गिळताना माणसाला कोणाची मर्जी राखता येत नाही, जबडा आपोआप आपल्या घरी जाऊन बसतो. ही विद्या त्यांना सासऱ्यांनी दिली होती. चौथीपर्यंतच्या शाळेने जे दिलं नाही ते सगळं या विद्येने दिलं: दोन खोल्या, एक धंदा, आणि कोणाचं ऐकून न घेण्याचा हक्क.

त्या दोन खोल्यांतल्या मागच्या खोलीत सहा आठवड्यांपासून त्यांचा धाकटा भाऊ खाटेवर पडून होता. शाळेत रसायन शिकवून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा. वस्तीत त्याला जडमास्तर म्हणत, कारण जगात जे काही आहे ते सगळं जड वस्तूचं बनलेलं आहे, मनसुद्धा, असं तो चारचौघांत ठणकावून सांगायचा. आत्मा नाही, भूत नाही, वर कोणी नाही. आता जडवादी म्हटलं की लोकांना वाटतं, हा पैशाला चिकटलेला असणार, खायचं-प्यायचं आणि मजा मारायची असं त्याचं चालत असणार. मास्तरांकडे शर्ट दोन. एक अंगावर, एक दोरीवर. वाण्याने एकदा विचारलं, ‘मास्तर, तुम्ही वस्तूलाच सगळं मानता, मग घरात एकही वस्तू कशी नाही?’ तर म्हणाले, ‘मीच आहे की वस्तू. सांभाळायला एक पुरते.’

ताईंचं आणि त्यांचं जमलं कधीच नाही, आणि तुटलंही कधी नाही. तुटायची वेळ आली होती ती आई वारली तेव्हा. ताई म्हणाल्या, ‘आई गेली रे.’ मास्तर म्हणाले, ‘गेली कुठे नाही, ताई. संपली.’ दोन वर्षं ताईंनी त्या शब्दासाठी त्यांच्याशी अबोला धरला. पण एक गोष्ट त्यांना कबूल करावी लागे, तीही फक्त स्वतःशी: शेवटचे आठ महिने आईचं सगळं याच दगडाने केलं होतं. अंघोळ घालायची, कूस बदलायची, पाठीच्या जखमा धुवायच्या. देवभोळी माणसं दारातून विचारपूस करून जात. हा आत बसून आईच्या टाचांना तेल चोळायचा. ‘एवढीच आहे ती,’ म्हणायचा. ‘दुसरीकडे कुठे ठेवलेली नाही.’

तर असा माणूस, आणि त्याच्या डोक्यातली शीर तुंबली. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू ओघळली, बोलणं म्हणजे नुसता चिखल. जुनी कवळी तोंडात ठरेना, म्हणून ती काढून ठेवली, आणि बोळक्या तोंडातून होता तो शब्दही फुटेना. डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना समजतं बरंचसं. बोलणं सावकाश येईल. आणि रडू फार येईल, घाबरू नका. शिरेचं आहे ते, त्याला दुःखच व्हायला पाहिजे असं नाही.’

रडू खरंच फार येई. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तरी येई. आणि मान डोले. ज्या माणसाने पन्नास वर्षं कोणाच्या ‘हो’ला ‘हो’ मिळवलं नाही, तो आता मऊ झाला होता, हसरा, ओलसर. ताईंना हे बघवत नसे. त्या भरवायच्या, पण तोंडाकडे न बघता. लाळ पुसायच्या त्या कामाच्या पाटावर सांडलेलं प्लास्टर पुसावं तशा. ‘माझा भाऊ असा नव्हता हो,’ खाटेवरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या सुनेला सांगायच्या. ‘माझा भाऊ आत कुठेतरी बसलाय. हे वरचं वरचं आहे सगळं.’

सून चाकावर कवळ्या घासत असायची. तिचा नवरा, म्हणजे ताईंचा मुलगा, परगावी नोकरीला. त्यामुळे घरात ताईंचं बोलणं पडायला दोनच कान, तिचे. ती म्हणायची, ‘हो आई,’ आणि चाकाचा आवाज वाढवायची.

सोमवारी प्रवचनकार आले. तसे ते रोजच येत. तीस वर्षं वाचनालयात मास्तरांशी वाद घातलेला माणूस, दर रविवारी सभागृहात शंभर-दीडशे लोकांना देवाचं सांगणारा. मास्तर आजारी पडल्यावर सगळ्यांत आधी धावून आला तो हाच. खाटेशी बसायचा, हात हातात घ्यायचा, काहीबाही वाचून दाखवायचा. मास्तर रडायचे आणि मान डोलवायचे. प्रवचनकारांचेही डोळे भरायचे. ढोंगी नव्हता तो. ताईंनी तपासलं होतं, ढोंगी माणूस त्यांना जबड्यावरून ओळखू येई.

‘बाई,’ ते त्या दिवशी म्हणाले, ‘येत्या रविवारी मास्तरांना सभागृहात आणायचं म्हणतो. खुर्चीवरून नेऊ उचलून. त्यांनी काही बोलायला नको. मी विचारेन, मास्तर, इतकी वर्षं चुकलो असं वाटतं ना? ते मान डोलावतील. तेवढं पुरे.’

ताईंच्या हातातली मेणाची पट्टी वाकली. ‘तमाशा मांडायचाय?’

‘तमाशा कसला? माणूस घरी परत आला, तर दारं उघडायची नाहीत? तुम्ही तर रोज प्रार्थना करणाऱ्या. तुम्हाला आनंद व्हायला हवा.’

खरं तर व्हायला हवा होता. याच दिवसासाठी त्यांनी पन्नास वर्षं देवाला साकडं घातलं होतं. पण काहीतरी बसत नव्हतं, कवळी एका बाजूने उचलते तसं.

‘ही त्याची शीर बोलते आहे,’ ताई म्हणाल्या. ‘तो नाही.’

प्रवचनकार हसले. वाईट नाही हसले, जुन्या पैलवानासारखे हसले. ‘हे तुम्ही बोलू शकता, बाई. मास्तरांना नाही बोलता यायचं. मन म्हणजे मेंदूच, हे कोण म्हणायचं? मग आज हा मेंदू जे म्हणेल तेच मास्तरांचं मत. कालचा मेंदू खरा आणि आजचा खोटा, असं त्यांच्याच हिशेबाने कसं चालेल? तीस वर्षं हाच प्रश्न मी त्यांना विचारत होतो. आता उत्तर समोर झोपलंय.’

ताईंना उत्तर सुचलं नाही. ताईंना उत्तर सुचलं नाही असे प्रसंग सुनेच्या माहितीत दोन, आणि दोन्ही वेळा घरातली भांडी आपटली होती. प्रवचनकार गेल्यावर तिने भांडी आधीच आवरून ठेवली. पण ताई स्वयंपाकघराकडे गेल्याच नाहीत. खाटेशी जाऊन बसल्या.

‘काय रे, साखर गोड असते ना?’

मास्तरांनी मान डोलावली.

‘साखर खारट असते ना?’

मास्तरांनी मान डोलावली.

‘मी तुझी सासू ना?’

मास्तरांनी हसून, मोठ्या प्रेमाने मान डोलावली, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

ताई उठल्या. ‘सूनबाई, मेण तापव. मेल्या प्रवचनकाराने पुढे काढलेल्या जबड्याचा चावा घेतलाय. मी याला दात देते. रविवारच्या आत हा आपल्या तोंडाने बोलेल, मग कोण कुठे परत आलंय ते कळेल सगळ्यांना.’

आणि मग ताईंच्या हातून ती चूक झाली. चाळीस वर्षांत शिकाऊ पोरींना ज्या चुकीवरून त्यांनी रडवलं होतं, तीच.

कपाटात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा असतो, पाठीवर आकडा घातलेला. मास्तरांचा अकरा वर्षांपूर्वीचा साचा ताईंनी काढला, फुंकर मारून धूळ उडवली. सरळ, भक्कम हिरड्या. दोन्हीकडे सारखा. याच साच्यावरची कवळी घालून हा माणूस वाद घालायचा. ताईंच्या मनात आलं, ठसा नव्याने कशाला घ्यायचा? तोंड वाकडं झालंय ते वरवरचं. आतला माणूस हाच आहे. त्याला त्याचे दात दिले की येईल बाहेर. जुनी कवळी ठरत नव्हती ती झिजली म्हणून, असं त्यांनी स्वतःला पटवलं, आणि दोन दिवस खपून जुन्या साच्यावर नवी करकरीत कवळी बसवली.

बुधवारी संध्याकाळी ती मास्तरांच्या तोंडात घातली. ‘म्हण. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.’ दात लावले की ताई सगळ्यांना हेच म्हणायला लावत, एकसष्ट ते एकोणसत्तर. दात बरोबर असले तर सगळे आकडे धारदार वाजतात, नसले तर शिट्टी येते नाहीतर थुंकी उडते.

मास्तरांच्या तोंडातून नुसती हवा आली.

‘दुखत नाही ना?’

मास्तरांनी मान डोलावली.

‘ठेव मग. सवय होईल.’

गुरुवारी सकाळी सून उशीचा अभ्रा घेऊन पुढच्या खोलीत आली. अभ्र्यावर रक्त होतं, रुपयाएवढं. तिने तो ताईंच्या समोर, कामाच्या पाटावर ठेवला.

‘आई, रात्रभर रुततेय ती. उजवीकडची हिरडी फाटलीय. आणि मामांनी हूं की चूं केलं नाही.’

ताईंनी अभ्रा डाग आत जाईल असा दुमडला.

‘जुना साचा वापरलात ना?’

‘मला शिकवू नकोस.’

‘तुम्हीच शिकवलंयत. माणूस येईल तो जसा आला तसा घ्यायचा, त्याच्या फोटोवर दात बसवायचे नाहीत. माझ्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मला कवळी फेकून मारली होती या कारणावरून. इथे लागली होती.’ तिने कपाळ दाखवलं.

ताई मागच्या खोलीत गेल्या. मास्तरांच्या तोंडातून कवळी काढली, कोमट मिठाच्या पाण्याने हिरडी धुतली. मग खाटेजवळचा दिवा लावला आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा भावाचं तोंड नीट बघितलं, कारागिराने बघावं तसं. उजवा गाल खाली उतरलेला. ओठाचा कोपरा सैल. जीभ उजवीकडे झुकलेली. हिरडीचा उंचवटाही अकरा वर्षांत एका बाजूने झिजलेला. ते वरवरचं नव्हतं. ते असंच होतं.

‘आ कर,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी नवा ठसा घेतला. मेणाची कड नव्याने वळली, उजवीकडे जाड, डावीकडे पातळ, बघणाऱ्याला वाटावं की बाईंचा हात चुकला. ती तोंडात बसवली. मास्तर लगेच जबडा पुढे काढून चावायला निघाले, मोठ्या उत्साहाने.

‘माझ्यासाठी नको चावूस,’ ताई म्हणाल्या. ‘जीभ मागे ने. अजून मागे. गिळ.’

चार वेळा जमलं नाही. पाचव्या वेळी कंठ हलला आणि जबडा मागे सरकला. वाकडाच सरकला. ताईंनी तो तसाच वाकडा घेतला.

शनिवारी दुपारी कवळी तयार झाली. हातात धरली तर हसू येईल अशी होती ती, एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा बुटके. तोंडात गेली आणि अंगची असल्यासारखी बसली.

‘एकसष्ट,’ ताई म्हणाल्या.

‘ए...क...सष्ट.’

सुनेने चाक बंद केलं.

‘बा...सष्ट. त्रे...सष्ट.’ मास्तर थांबले, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळलेलं त्यांनीच डाव्या हाताने पुसलं. ‘चहा. साखर कमी. सहा आठवडे... पाक पाजताय.’

ताई हसल्या की रडल्या ते सुनेला कळलं नाही, कारण त्या पाठ फिरवून पातेलं शोधत होत्या. त्याच वेळी प्रवचनकार दारात उभे राहिले, उद्याचं पक्कं करायला.

‘या,’ ताई म्हणाल्या. ‘या, बसा. विचारा आता काय विचारायचं ते. सभागृह कशाला पाहिजे?’

प्रवचनकार खाटेशी बसले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नेहमीसारखं.

‘मास्तर,’ प्रवचनकार हळू आवाजात म्हणाले, ‘इतकी वर्षं आपण चुकलो, असं वाटतं ना?’

मास्तरांनी मान डोलावली. मग मास्तरांनी डावा हात वर केला आणि स्वतःच्या हनुवटीला धरून मान थांबवली.

‘ही... हलते,’ ते म्हणाले. ‘हलणं वेगळं. म्हणणं वेगळं. पाणी कोरडं असतं का, विचारा. हलेल.’

सून फिस्सकन हसली. प्रवचनकार मात्र हसले नाहीत. ‘आणि हे रडणं?’

‘शीर.’

‘म्हणजे खोटं?’

‘खोटं कसं? मी रडतोय. ओलं झालंय तोंड.’ एकेक शब्द मास्तर खडकातून काढावा तसा काढत होते. ‘तुम्ही आलात... की बरं वाटतं. तेही शिरेनेच. सगळं तिथूनच... येतं. आधीही तिथूनच यायचं. तुमचा प्रश्न... बरोबर होता. आजचा मेंदू... तोच मी. कबूल. पण त्याला विचारायचं तर... दात देऊन विचारा. मान धरून नको.’

प्रवचनकारांनी खाली बघितलं. तीस वर्षांत ‘तुमचा प्रश्न बरोबर होता’ हे त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळालं होतं, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

ताईंनी मात्र मैदान मारलं होतं. ‘बघितलंत?’ त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. ‘मी म्हणत नव्हते? माझा भाऊ आत बसलेलाच होता. हे वरचं सगळं...’

‘नाही, ताई.’

‘काय नाही?’

‘आत... कोणी नव्हतं.’

‘आता तू सुरू करू नकोस. आत्ता कुठे दात आलेत तुला.’

‘आत कोणी बसलेलं नव्हतं, ताई. सहा आठवडे जे होतं... तेच मी. लाळ गाळणारा. मान हलवणारा. तू ज्याच्याकडे... बघत नव्हतीस.’

आईच्या वेळी ‘संपली’ म्हणाला होता, त्याच आवाजात बोलत होता तो, फक्त सावकाश. ताईंना वाटलं, उठावं आणि पुन्हा दोन वर्षं बोलू नये.

‘मग मी सहा आठवडे कोणाला भरवलं?’ त्या म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

‘मला.’

‘आणि ते मी सुनेला सांगायचे, माझा भाऊ असा नव्हता...’

‘मीच ऐकत होतो.’

ताई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांना आठवले ते सगळे घास, दुसरीकडे बघत तोंडात कोंबलेले. कोणासाठी तरी राखून ठेवलेली माया होती त्यांच्यापाशी, तो परत आल्यावर द्यायची म्हणून. आणि तो तर इथेच होता, रोज, लाळ पुसायच्या फडक्याखाली.

‘शिव्या द्यायच्यास की मग,’ त्या कशाबशा म्हणाल्या.

‘दात नव्हते,’ मास्तर म्हणाले.

आता सून हसली, प्रवचनकार हसले, आणि ताई हसत हसत पदराने डोळे पुसायला लागल्या. मास्तर आधीच रडत होते, त्यामुळे कोण कशासाठी रडतंय त्याचा काही पत्ता लागेना.

प्रवचनकार उठले. ‘उद्याचं राहू द्या मग,’ म्हणाले. चेहरा उतरला होता.

‘येणार,’ मास्तर म्हणाले. ‘इथे छत बघून... कंटाळलोय. बसेन. तुमचं ऐकेन. रडेनही. पण माझ्या रडण्याचा अर्थ... कोणी लोकांना सांगायचा नाही. तुम्ही नाही. मीही नाही.’

‘मी बसते ना शेजारी,’ ताई म्हणाल्या. ‘सांगून तर बघू दे.’

रविवारी चौघांनी मास्तरांना खुर्चीसकट उचलून सभागृहात नेलं. पुढच्या रांगेत ठेवलं. वस्तीतली झाडून सगळी माणसं आली होती, वाण्यापासून दूधवाल्यापर्यंत, कारण जडमास्तर देवापुढे येणार ही बातमी आठवडाभर फिरत होती. ताई त्यांच्या डाव्या हाताला बसल्या, ताठ, नाकावर माशी बसू न देता. त्या डोळे मिटून प्रार्थनेचे शब्द पुटपुटू लागल्या, रोजच्यासारखे, मनापासून. भाऊ काहीही म्हणो, देवाशी त्यांचं भांडण नव्हतं.

गाणं सुरू झालं आणि मास्तरांना रडू फुटलं. हुंदके देऊन, खांदे हलवून. शंभर माना वळल्या. मागून कोणीतरी म्हणालं, ‘आलं, आलं ध्यानात माणसाच्या.’ एका म्हातारीने हात जोडले. मास्तरांची मान डोलायला लागली.

गाणं संपलं. प्रवचनकार उभे राहिले. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं. सगळं सभागृह त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. असा दिवस बोलणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो, हे ताईंनाही कळत होतं. त्यांनी प्रवचनकारांच्या जबड्यावर नजर लावली.

जबडा पुढे आला. मग त्यांनी आवंढा गिळला, आणि जबडा मागे सरकला.

‘खिडक्या उघडा कोणीतरी,’ ते म्हणाले. ‘मास्तरांना वारा लागत नाहीये. आणि ती मागची मंडळी, जरा शांत बसा. आजारी माणूस आहे, रडू येतं त्याला.’

लोकांची निराशा झाली. कोणी खोकलं, कोणी बाक सरकवला. खिडक्या उघडल्या.

ताईंनी रुमाल काढला, भावाच्या तोंडासमोर वाकल्या, आणि ओघळलेला कोपरा पुसला. सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत.

‘नीट बस,’ त्या कुजबुजल्या. ‘लोक बघताहेत.’

‘बघू दे,’ मास्तर म्हणाले. ‘बघायलाच... आलेत.’